सारूबाईचं ऊन पाणी

आजीनं पहिला तांब्या सारूबाईच्या पायांवर ओतला, आणि दारातल्या बायका दोन पावलं मागं सरकल्या.

पाणी ऊन होतं. सारूबाई मेलेली होती.

सोलापूर, एकोणीसशे तीसच्या आसपासचं. गिरणीमागची ख्रिस्ती वस्ती. माझी आजी नुकतीच लग्न होऊन तिथं आलेली.

आज आजीचा स्मृतिदिन. फॅमिली ग्रुपवर सकाळपासून तिचा फोटो फिरतोय. कडेला लिलीची फुलं, खाली 'प्रेमळ, सेवाभावी'. चर्चच्या ग्रुपवरूनही तेच कार्ड आलं.

वाचून किळस आली.

त्या प्रेमाचं तिला चर्चमध्ये काय मिळालं, ते तिनंच मला सांगितलंय. नव्वदीतसुद्धा सांगताना तिच्या नाकपुड्या फुगायच्या.

सारूबाई वस्तीतल्या मेलेल्या माणसांना आंघोळ घालायची. क्षयानं गेलेला, पटकीनं गेलेला, अंथरुणात सडून गेलेला, कुणीही असो. घरचे नाकाला पदर लावून बाहेर. ही आत.

पाणी मात्र तापवून घ्यायची. तान्ह्या बाळासाठी बघतात तसं कोपर बुडवून बघायची.

आजीनं एकदा विचारलं, "मावशी, मेलेल्याला काय ऊन आन् काय गार? सरपण फुकट येतंय व्हय?"

"तू घाल की गार. तुजी पाळी आली की तुला बी गारच घालीन, बग."

हसली. मग म्हणाली, "देवानं दिलं तवा ऊन पाण्यानंच न्हाणलं हुतं की गं. त्याचं त्याला परत देताना गार का?"

ख्रिस्ती झालं की जात जाते, असं वस्तीत सगळे म्हणायचे. कुणाची आधीची कुठली, ते मात्र सगळ्यांना पाठ होतं. सारूबाईची सगळ्यांत खालची.

चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा पेला सगळ्यांना मिळून एकच असायचा. या ओठांवरून त्या ओठांवर.

सारूबाईकडं तो सगळ्यांत शेवटी यायचा. तसा नियम कुणी केला नव्हता. करायची गरजच पडली नव्हती.

ती गेली एका शनिवारी. मागं कुणी नाही. पुरुष अंगणात पेटी ठोकायला लागले. बायका दारात उभ्या राहिल्या.

आत कुणी जाईना.

ज्यांच्या घरची माणसं तिनं वाकून वाकून न्हाणली, त्या सगळ्या होत्या तिथं. सगळ्यांच्या हातात गीतांचं पुस्तक.

पाळकसाहेबांची बायको म्हणाली, "ऊन उतरायच्या आत न्यायला हवं. आंघोळ राहू द्या. देव अंतःकरण पाहतो, शरीर नव्हे."

आजी नवी सून. तिनं बोलायचंच नव्हतं.

"मग बाई, तुमच्या सासूबाईंचं काय बघनार हुता देव? त्यास्नी तर मावशीनं दोनदा न्हाणलं. एकदा न्हाणून बी तुमाला वास येत हुता म्हनून."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी घाईघाईनं गीत सुरू केलं.

आजीच्या सासूनं तिचा दंड धरला. "आत जाऊ नगंस. उद्या प्रभुभोजन हाय. तुज्यामागनं पेल्याला तोंड कोन लावंल?"

"नका लावू."

"आपल्या घराला नावं ठेवतील गं."

आजी घरी गेली. तुरीच्या काटक्यांचा भारा आणि पाण्यानं भरलेला हंडा घेऊन परत आली. सारूबाईच्याच चुलीवर पाणी ठेवलं. वाफ आल्यावर कोपर बुडवलं.

"लई कडक हाय गं मावशी," ती मेलेल्या बाईला म्हणाली, आणि गार पाणी मिसळलं.

मग पायांपासून सुरुवात केली. पायांना भेगा होत्या. भेगांतली माती निघेपर्यंत चोळलं. केस धुतले, विंचरले. घरून स्वतःचं लग्नाचं लुगडं आणून नेसवलं.

बाहेर प्रेमावरचं गीत चाललं होतं. सगळी कडवी म्हटली त्यांनी.

"चाल चांगली हुती," आजी म्हणायची. एवढंच म्हणायची, आणि थुंकल्यासारखं तोंड करायची.

मी देवाबद्दल फार बोलत नाही. लिटरेचर शिकले, शंका घेत आले.

पण देवाचं लहान गोष्टींकडं लक्ष असतं, असं जे चर्चमध्ये सांगतात, ते खरं असेल तर त्या दुपारी त्यानं गीत ऐकलं नसेल.

पाणी सोसवेल का, एवढंच बघितलं असेल.

मला लहानपणी न्हाऊ घालताना आजी कोपर बुडवायची. तिला शेवटची आंघोळ मी घातली. पाणी गीझरचं होतं. तरी कोपर बुडवून बघितलं.

आजी, ती लिली आणि ती विशेषणं त्यांची त्यांना राहू देत. तू सुखानं नीज.

सारूबाईला त्याच संध्याकाळी पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभुभोजन झालं. पेला आजीकडं सगळ्यांत शेवटी आला.