साडेपाचची पेटी

तुरुंगाच्या दाराशी एक लोखंडी पेटी असते. जामीन झाला तरी कैदी लगेच सुटत नाही. कोर्टाचा सुटकेचा कागद त्या पेटीत पडावा लागतो. संध्याकाळी ती साडेपाचला उघडतात. पाच मिनिटं उशीर झाला की माणूस आणखी एक रात्र आत. या पेटीवरून मी इतकी भांडले की आमच्या कायदेशीर मदतीच्या ऑफिसात मला ‘पेटीवाली बाई’च म्हणतात.

त्या दिवशी कामठीच्या एका पॉवरलूम कामगाराचा जामीन झाला. चोरीचा आरोप, दोन वर्षं कच्चा कैदी, खटल्याचा पत्ता नाही. घरी आई शेवटच्या घटका मोजत होती. आदल्या आठवड्यात भेटायला गेले तर माझा हात सोडेना. “बाई, माह्या पोराले एक डाव दाखव वं. मंग देवानं मले खुशाल न्यावं.”

“आणते ना आजी, त्यात काय!” मी तोऱ्यात म्हणाले.

दुपारी तीनला कागद हाती आला. पण वाटेत धरमपेठेत बैठक होती. सुटकेला होणाऱ्या उशिरावरचा माझाच अहवाल मोठ्या साहेबांपुढे मांडायचा होता. अर्ध्या तासाचं काम, म्हटलं. कागद दुसऱ्या कोणाकडे देता आला असता, पण माझा कोणावर भरवसाच नाही, जुनी खोड. बैठक रंगली. साहेब माना डोलवत होते आणि मी मेली खुलून सांगत होते, एका रात्रीनं घरात काय काय होऊन बसतं. कागद पायाशी, पर्समध्ये. घड्याळ पाहिलं तेव्हा सहाला पाच कमी होते.

आजी पहाटे गेली.

सकाळी तो सुटला. दारातच मी त्याला सांगितलं. शेअर ऑटोत बसून आम्ही कामठीला निघालो. कामठी आली तसा तो म्हणाला, “ताई, काल काहून नाही सोडलं?”

“कोर्टातून कागदच उशिरा निघाला,” मी म्हणाले. विचार करायच्या आत तोंडातून गेलं.

“तिथलं असंच राहते,” तो म्हणाला.

घरी त्यानं आईचं तोंड पाहिलं. तिनं त्याचं नाही. आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, “ताईनं लय धावपळ केली.” कोणीतरी मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले, शरम नाही वाटली तेव्हा. आता वाटते.

अहवाल मंजूर झाला. आता कागद कॉम्प्युटरवरून थेट तुरुंगात जातो. लोक कौतुक करतात, मी मान खाली घालते, त्यांना तो विनय वाटतो.

दरवर्षी आईच्या तिथीला तो स्वतः विणलेला टॉवेल घेऊन येतो. यंदा सांगायचंच, असं ठरवून बसले होते.

“ताई, तुमीच तर होत्या आमच्यासाठी,” तो चपला काढता काढता म्हणाला.

“बस, चहा टाकते,” म्हणत मी आत गेले. ओट्याशी उभी राहून रडले. डोळे पुसले आणि त्याला चहा नेऊन दिला.