मावशीचे कान

मावशी फोनवर कुणाचं वाक्य कधी तोडत नसे. समोरचा बोलून थांबला तरी ती आणखी क्षणभर गप्प. "मानसाला पुरं बोलू दे. खरी गोष्ट तो शेवटालाच सांगतो," म्हणायची. उरणजवळच्या आमच्या कंटेनर यार्डात ट्रकवाल्यांचे फोन ती वीस वर्षं घेत होती, कुणी कुठल्या गेटवर जायचं ते सांगत होती. हॅलोवरूनच ड्रायव्हर ओळखायची. "जेवला न्हायस ना रं? आधी जेव, मंग गेट सांगते," असा तिचा खाक्या.

हे फोन कॉम्प्युटरवर आणले ते मी. शेठची तक्रार एकच: आवाज उशिरा येतो, दोघं एकदम बोलतात. आता, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचे तुकडे जरा अडवून, ओळीत लावून मग ऐकवायची सोय असते. तिला बफर म्हणतात. मोठा ठेवला तर आवाज उशिरा. फार लहान केला तर उशिरा पोचलेले तुकडे सरळ फेकले जातात, शब्द गळतात. मी तो पार कापला आणि शेजारच्या खोलीतून शेठना फोन लावून दाखवला. एकदम खणखणीत! शेठनी पाठ थोपटली, दुसऱ्या यार्डाचं कामही मलाच दिलं.

पण ड्रायव्हर काही शेजारच्या खोलीत बसत नाहीत. ते घाटातून, खाडीकाठावरून, रेंजच्या एका काडीवर बोलतात. मावशीचं "काय बोललास? फिरून बोल" सुरू झालं. एकदा तीन नंबर गेटची गाडी आठवर गेली. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, कान गेले तुमचे. आणखी एक चूक झाली तर घरी बसा." ती कशीबशी हसली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मशीनमध्ये काय न्हाय ना रं?"

मी सकाळीच सॉफ्टवेअरमधल्या नोंदी पाहिल्या होत्या. फेकलेल्या तुकड्यांचा ढीग होता. मला ठाऊक होतं हो सगळं! बफरचा एक आकडा बदलायचा होता, बस. पण शेठनी कारण विचारलं असतं, आणि दुसरं काम गेलं असतं. जळो ते काम! मी म्हणालो, "मशीन ठीक आहे, मावशी."

महिनाअखेर शेठनी तिला घरी बसवलं. मग मी बफर गुपचूप वाढवला. नवी मुलगी पहिल्या दिवसापासून बिनचूक ऐकू लागली. "बघ, तरणे कान!" शेठ म्हणाले. मी मान डोलावली. लिहितानाही लाज वाटते.

परवा करंजाच्या धक्क्यावर मावशी भेटली. कानात ऐकण्याचं यंत्र. माझा हात धरून म्हणाली, "माझ्यापायी तुलाबी शेठ बोललं असंल. तुझं काम चांगलं होतं पोरा, माझंच कान गेलं. माफ कर."

आणि मी म्हणालो, "असू दे, मावशी."