ओळख पटण्याचं अंतर

मुलीच्या लॅपटॉपवर एक पांढरा ठिपका चालत होता. मी मागे चहा घेऊन उभा होतो. एकाएकी ठिपक्याच्या चिंधड्या उडाल्या. काळ्या जमिनीवर पांढरे शिंतोडे पडले आणि निवत निवत जमिनीच्याच रंगाचे झाले.

"मेंढपाळ होता, बाबा," ती म्हणाली. "खांद्यावरची काठी गस्तवाल्यांना बंदूक वाटली."

उष्णता टिपणारा कॅमेरा तयार होण्याआधीच त्याला किती लांबचं दिसेल, याचं गणित ती मांडते. माणूस आहे हे खूप लांबून कळतं. कोण आहे हे फार जवळ आल्यावर.

"साहेब म्हणतात, गणितात हवा कोरडी धर, कागदावर अंतर वाढतं. मी दमटच धरलीय. चला, मैदानात उभे राहा, जुन्या कॅमेऱ्यातून मला गणित ताडून बघायचंय."

लग्नात भलत्यालाच व्याही समजून कडकडून मिठी मारणारा मी. पण माझ्या चुकीला लोक हसतात, एवढंच.

मैदानाच्या टोकावरून मी फोन कानाला लावून चालू लागलो.

"माणूस दिसतोय. हातात काहीतरी आहे."

"छत्री आहे गं!"

"मला नाही कळत. या पुढे."

गोळी एव्हाना छाती फोडून पार निघूनही गेली असती.

"आता?"

"अजून तुम्ही कुणीही असू शकता."

मी पोट आत घेतलं, छत्री टाकून दिली, फोनसकट दोन्ही हात वर केले आणि माझ्याच लेकीच्या दिशेने चालत राहिलो.