मोकळ्या ओळी

काकू गोष्टींचं भाषांतर करायच्या. मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी-शेजारी रकान्यांत मांडणारी कॉम्प्युटरची स्क्रिप्ट निवृत्त काकांनी मोठ्या हौसेनं लिहिली. पण उजवा रकाना मध्येच घसरायचा आणि मूळ गोष्टीतल्या राजासमोर भाषांतरातलं गाढव यायचं.

काकांचा पारा चढला. "तुझ्या फाइलीत जागोजागी मोकळ्या ओळी कशाला गं?"

"तुम्ही हाक मारली की उठावं लागतं. परत आल्यावर जागा सापडावी म्हणून सोडते," टाइप करता करता काकू म्हणाल्या.

काकांनी फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली. मग मोकळ्या ओळी गाळण्याची सोय स्क्रिप्टमध्ये केली. घसा कोरडा पडला होता.

"अगं..." उरलेली हाक त्यांनी गिळली आणि पाणी घ्यायला स्वतःच उठले.

तोवर काकूंनी सवयीनं एक ओळ सोडलीच होती.