मामांचा परवाना

कायद्याला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कायद्यावर जीव जडलेला माणूस उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. सरकार इंग्रजांचं होतं, ते मामांना मुळीच आवडत नसे. अंगावर कायम खादी. पण त्याच सरकारचा एखादा नियम कुणी मोडला की झोप मामांची उडायची. लोणावळ्याला शाळामास्तरकी करून निवृत्त झाल्यावर ते मळवलीला आपल्या भातशेतीवर येऊन राहिले. मामी केव्हाच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. सायकलला दिवा नसताना वाटेत अंधार पडला की मामा खाली उतरत आणि सायकल हातात धरून चालू लागत, मग रस्त्यावर चिटपाखरूही नसलं तरी. मी रेल्वेत नोकरीला. मला निरोप द्यायला स्टेशनावर आले की ते आधी खिडकीशी जाऊन प्लॅटफॉर्मचं तिकीट मागत. शेवटी बुकिंगबाबूनं एकदा हात जोडले, "मास्तर, हितं तसलं तिकीट मिळत न्हाई हो." तेव्हापासून मामा तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहत आणि गाडी हलली की तिथूनच हात हलवीत.

अशा माणसाच्या घरी बंदूक होती हे कुणाला सांगून खरं वाटत नसे. भातं निसवली की डोंगरातली डुकरं खाली उतरत आणि एका रात्रीत वाफा लोळवून जात. त्यासाठी मामांनी रीतसर अर्ज करून पीकसंरक्षणाचा परवाना मिळवला होता आणि त्यावर एक एकनळी बंदूक घेतली होती. मामींच्या जुन्या पातळात गुंडाळून ती देवघराशेजारी ठेवलेली असे. दरसाल परवाना पुन्हा करून घ्यायला वडगावच्या कचेरीत जायचं, त्या दिवशी मामा दाढी करून, कोट-पागोटं चढवून निघत. वाटेत लोक विचारत, लग्न कुणाचं म्हणून. बंगल्यावर हवा खायला आलेल्या मुंबईच्या एका शेटजींनी एकदा तित्तर मारायला ती बंदूक मागितली. मामांनी त्यांना ओटीवर बसवून चहा पाजला आणि परवाना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. शेटजी पुन्हा आमच्या वाटेला फिरकले नाहीत. त्या बंदुकीनं डुक्कर मात्र कधी मेलं नाही. मामा बार काढत तो आभाळात. "परवाना पीक राखायचा आहे, जीव घ्यायचा नाही," असं त्यांचं म्हणणं. डुकरांनाही हे एव्हाना कळलं असावं. ती बांधापर्यंत मागे सरत, बंदूक पुन्हा भरून होईपर्यंत मजेत उभी राहत आणि परत चरायला येत.

दुसरी मोठी लढाई संपली आणि गंगूबाईचा किसन इटलीहून परत आला. गंगूबाई म्हणजे मामांच्या शेतात वर्षानुवर्षं खपणारी विधवा. किसनला मामांनीच शिकवून शहाणा केलेला; पोटचं पोर असतं तर त्यालाही त्यांनी याहून जास्त छड्या मारल्या नसत्या. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्याचं नोकरीचं जवळजवळ ठरलं होतं. मी सुट्टीत मळवलीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. भरदुपारी किसन आला, हसत हसत काखेतली टॉवेलची गुंडाळी सोडली आणि आतलं पिस्तूल मामांपुढच्या पाटावर ठेवलं. जर्मन बनावटीचं, लांब नळीचं. अंगाला एक लहानशी कळ होती. ती सरकवली आणि घोडा दाबून धरला की पोटातल्या सगळ्या गोळ्या एकामागून एक आपोआप सुटायच्या. किसन म्हणाला, "मास्तर, तुमच्या बंदुकीचा दुसरा बार निघंस्तवर डुकरं जेवून हात धुत्यात. आता ह्ये घ्या रानात."

मामांनी आधी उठून दार लावलं. मग पहिला प्रश्न विचारला तो, "परवाना?"

"लडाईत कुनी परवाना मागितला न्हाई, मास्तर."

"तिथे मागत नाहीत. इथे मागतात," मामा म्हणाले आणि चष्मा पुसत पुसत त्यांनी त्याला शाळेतल्या आवाजात समजावलं. साध्या बंदुकीला परवाना मिळवताना माणसाचे जोडे झिजतात. असल्या हत्याराचा परवाना कलेक्टरसाहेब मनात आणलं तरी देऊ शकणार नाहीत. घरात सापडलं तर थेट तुरुंग. वर, कुठून आणलंस, पलटणीतून चोरलंस का, हेही विचारतील. "डेपोतली नोकरी तर विसरच. तुझी आई कोणाच्या तोंडाकडे बघेल?"

किसनचं हसू मावळलं. खाली बघत तो म्हणाला, "ह्ये माजं न्हाई. दौलतीचं हाय." दौलती पवन मावळातला, किसनच्याच कंपनीतला. एका पडक्या घरात त्याला हे पिस्तूल मिळालं होतं, आणि गावी गेल्यावर डुकरांची कशी दाणादाण उडवू याच्या गप्पा दोघांनी रात्र रात्र मारल्या होत्या. दौलती तिकडेच नदीकाठी राहिला. त्याचं म्हणून एवढंच किसननं बिस्तऱ्यात दडवून आणलं होतं. मेलेल्या मित्राच्या वस्तूला कुठलं कलम लावायचं हे मामांनाही सुचेना. मग किसनच उठला. "एकदा बगा तरी काय चीज हाय ती, मग बोला," म्हणाला आणि पिस्तूल घेऊन ओढ्यापलीकडच्या माळाकडे चालू लागला. "अरे थांब, अरे गाढवा," म्हणत मामा पायांत जोडे न घालताच त्याच्या मागे धावले, आणि त्यांच्या मागे मी.

किसननं शेतातलं बुजगावणं उपटून माळावर रोवलं. त्याच्या अंगात मामांचा टाकून दिलेला कोट होता, त्यामुळे लांबून ते हुबेहूब मामांसारखं दिसत होतं. मागे टेकडीचा चढ. अडवूनही ऐकत नाही म्हटल्यावर मामांनी निदान टेकडीकडे तोंड करून "कोणी आहे का?" असं दोनतीनदा ओरडून पाहिलं. कुणी ओ दिली नाही. किसननं कळ सरकवली. मांजरपाट टराटरा फाडावा तसा एक आवाज झाला, आणि मी कानावर हात नेईपर्यंत सगळं संपलंही होतं. पहिली गोळी बुजगावण्याच्या पायाशी मातीत गेली. पुढे पिस्तूल हातात आवरेना, त्याचं तोंड आपोआप वर वर उचललं गेलं आणि उरलेल्या गोळ्या झाडांच्या शेंड्यांतून टेकडीवर कुठे गेल्या ते देव जाणे. कोटाला साधं भोकही पडलं नव्हतं.

"पाहिलंस? मी जिवंत आहे," मामा बुजगावण्याकडे बोट दाखवून म्हणाले. मला हसू आलं, किसनलाही आलं असतं. तेवढ्यात वरून, करवंदीच्या जाळीमागून हाक आली.

"आरं कोन हाय रं तितं? डोस्क्यावरचा पाला उडावला की समदा!"

गंगूबाई होती. लाकडं मोडायला सकाळीच वर गेली होती. मोडण्याच्या कडकडाटात तिला मामांची हाक ऐकू गेली नसावी. डोक्यावर मोळी घेऊन ती बडबडत खाली आली. केसांत, खांद्यावर हिरव्या पानांचे तुकडे चिकटले होते. किसनच्या हातातलं पिस्तूल मामांनी केव्हा काढून घेतलं आणि पाठीमागे उपरण्याखाली केव्हा लपवलं, ते मला दिसलंसुद्धा नाही.

"काय वाजलं, मास्तर?"

"पोरांनी फटाके लावले, गंगूबाई," मामा म्हणाले. त्यांना खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

ती घराकडे गेल्यावर किसन लहान मुलासारखा रडला. "मास्तर, ह्ये नदीत टाका. माज्या डोळ्यांम्होरं नगं." मामा नको म्हणाले. नदीतलं कुणाच्या तरी हाती लागेल आणि त्याचीही आई कुठेतरी लाकडं मोडत असेल. ते सरकारातच जमा व्हायला हवं होतं. पण किसननं नेऊन दिलं असतं तर तो अडकला असता, आणि नुसतं सापडलं म्हटलं तरी लढाईवरून आलेला गावात तो एकटाच, संशय त्याच्यावरच जाणार. तेव्हा मामा म्हणाले, माझ्या बांधावर खणताना मिळालं, असं मी सांगतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, तुमच्या परवान्याचं काय होईल?" ते माझ्यावर खेकसले, "नियम मला शिकवतोस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वडगावला गेलो. दाढी, कोट, पागोटं, सगळं दरसालसारखं. पातळात गुंडाळलेली आपली बंदूकही मामांनी बरोबर घेतली होती, कुणी मागितली नसताना. कचेरीतले अंमलदार त्यांना चांगले ओळखत होते. पिस्तूल पाहून ते चरकले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या बांधावर?" मामा "हो" म्हणाले. आवाज सरळ होता, फक्त मान खाली होती. मग अंमलदारांना जे करणं भाग होतं ते त्यांनी केलं. चौकशी संपेपर्यंत परवाना तहकूब, बंदूक जमा. मामांनी पातळ सोडून बंदूक टेबलावर ठेवली, पातळाची नीट घडी घातली आणि ती बगलेत मारून बाहेर पडले.

चौकशी मामांच्या हयातीत संपली नाही. किसनला देहूरोडला नोकरी लागली. आपल्या डोक्यावरून काय गेलं ते गंगूबाईला अखेरपर्यंत कळलं नाही. बंदुकीचं तिनं एकदा विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "म्हातारा झालो, पेलवत नाही आता." तेव्हा पुढच्या हंगामापासून तीच शेतातल्या मचाणावजा माळ्यावर बसून डुकरं हाकलू लागली. दिवेलागणीला तिची लांबलचक हाक शेतातून वर येई. मामा ओटीवर असत. हाक येईपर्यंत त्यांचं बोलण्यात लक्ष नसे. ती आली की "हं, काय म्हणत होतास?" असं म्हणून ते माझ्याकडे वळत.

मामा गेले ते ऐन उन्हाळ्यात. शेतं उघडी पडली होती, राखायला पीक नव्हतं, माळाही मोडून ठेवला होता. ग्लानीत संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "हाक आली का रे?" मी "आली" म्हणालो. त्यांनी समाधानानं कूस बदलली. आत चुलीपाशी गंगूबाई त्यांच्यासाठी पेज ढवळत होती.