दावं घरीच राहतं

रविवार होता. खानावळीत कोंबडीचा रस्सा उकळत होता आणि मी पोळ्यांच्या चवडी मोजून डब्यांत भरत होते, तेव्हा नितीनचा दवाखान्यातून फोन आला. "मामी, आई गेली." मी बरं म्हटलं, कुणाला कळवायचं ते विचारलं, आणि फोन ठेवून उरलेले डबे भरले. बमरोलीच्या लूमच्या कारखान्यांत बारा तास उभी राहणारी पोरं त्या डब्यांची वाट बघत असतात. डबे गेले, गॅस बंद केला, मग मी निघाले. विमलआक्का माझ्या जागी असत्या तर त्यांनीही आधी शेळ्यांना पाणी पाजलं असतं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, नितीनची आई. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून नवऱ्याच्या मागे सुरतेला आल्या तेव्हा भांड्यांच्या पोत्याबरोबर शेळीची एक पाठही घेऊन आल्या, असं माझे यजमान हसत सांगायचे. नवरा गेला, पोरगा मोठा झाला, पण डिंडोलीत कालव्याच्या कडेला रिकाम्या प्लॉटवर आक्कांच्या शेळ्या राहिल्याच. त्यांना विकतचं असं फारसं काही लागत नसे. बाभळीच्या शेंगा, मंडईत फेकलेला फ्लॉवरचा पाला, आणि माझ्या खानावळीतली मटारची टरफलं, कोथिंबिरीच्या काड्या, दुधीची सालं. रोज दुपारी आक्का टोपली घेऊन यायच्या. लेंड्या गावाबाहेरच्या एका भाजीवाल्याकडे जायच्या, आणि त्याची मेथी माझ्याकडे यायची. या सगळ्याला काही नाव असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. काही वाया जात नव्हतं, एवढं दिसत होतं.

बोकड विकायचा असला की आक्कांची एक अट असे. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. त्याचं दावं बोकडाच्या गळ्यात पडलं की आक्का आपलं सोडून घेत आणि घरात खिळ्याला अडकवत. जनावर जातं, दावं घरीच राहतं. ते दिलं तर गोठ्याची बरकत जाते, ही आमच्या खानदेशातली जुनी समजूत. पण त्या आणखी एक गोष्ट करत, ती कुणी करत नाही. बोकडाबरोबर खाटकाच्या दारापर्यंत स्वतः चालत जात. त्याला पाणी पाजत, आणि सगळं होईपर्यंत बाहेर उभ्या राहत. मी एकदा म्हटलं, "आक्का, एवढ्या नटूनथटून लेकीला सासरी पोचवायला निघालात का?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "सुमन, रस्सा खाशील ना तू? मंग चूप बस." त्या काही शाकाहारी नव्हत्या, हळव्याही नव्हत्या. मटण खात, आणि हाडं चोखून खात.

आमचं भांडण होतं ते कोंबडीवरून. माझ्या खानावळीत दर रविवारी ब्रॉयलर शिजते. ती स्वस्त आहे म्हणून शिजते. ज्या पोरांनी गावाकडे सणावारालाच मटण पाहिलं, ती इथे आठवड्याला एकदा पोटभर खातात. बोकडाच्या भावात हे मला जमलं नसतं. आक्का म्हणत, "तुझी कोंबडी म्हणजे ओला कापूस. चव नाही, ढव नाही." मी म्हणे, "आणि तुमचं मटण म्हणजे पगार. येतो कधीतरी, जातो लगेच." दोघी हसायचो. माझं मत तेव्हाही तेच होतं, आजही फार बदललेलं नाही.

मग प्लॉटच्या मालकानं बांधकाम काढलं आणि शेळ्यांची जागा गेली. त्याच सुमाराला नितीननं गावाकडच्या शेतात कोंबड्यांची शेड घालायचं ठरवलं. पिल्लं कंपनी देणार, दाणा, औषध कंपनी देणार, वाढवून झाली की गाडीही कंपनीची येणार. आपण फक्त सांभाळायचं. त्याला आईच्या हाताची मदत हवी होती. कंपनीचा सुपरवायझर जागा बघायला आला तेव्हा त्यानं एकच गोष्ट बजावली, शेडच्या आवारात दुसरं जनावर नको, गावठी कोंबडीसुद्धा नको, रोग येतो. आक्कांनी विचारलं, "माझ्याच शेतात माझी शेळी नको?" तो मुलगा सभ्य होता. म्हणाला, "मावशी, नियम आहे." मीही त्यांना जा म्हटलं. पोटचा पोरगा धंदा उभा करतोय, आईनं जायलाच हवं. शेळ्या त्यांनी माझ्या खानावळीमागच्या मोकळ्या वाड्यात बांधल्या. "येईपर्यंत बघ," म्हणाल्या.

मी त्यांना शेडवर भेटायला गेले होते. वाईट काही सांगण्यासारखं नव्हतं. पंखे चालू, दिवे चालू, भुसा नीट पसरलेला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे पक्षी. वासाची सवय होते. आक्का पाण्याची भांडी घासत, सकाळी मेलेले वेचून बादलीत टाकत, आणि दाणा वेळेवर देत. काम त्यांना चांगलं जमलं, नितीनही खूश होता. मी तिथे असतानाच माल उचलायला गाडी आली. माणसं आत शिरली, पायांना धरून एकेका हातात चार-पाच पक्षी उचलले आणि क्रेटमध्ये भरले. बघता बघता शेड रिकामी. आक्का दारात उभ्या होत्या, आणि त्यांचे हात... काहीतरी सोडून घ्यायला पुढे आलेले, पण सोडून घ्यायला काही नव्हतं. तसेच पदराला पुसले.

एक लंगडी कोंबडी कोपऱ्यात राहिली होती. तिला गाडीत घेतलं नव्हतं. आक्कांनी सुपरवायझरला विचारलं, त्यानं मान फिरवून "बघा तुमचं तुम्ही" म्हटलं. ती पिशवीत घालून त्या माझ्याबरोबर पॅसेंजरने सुरतेला आल्या. चार दिवस, म्हणाल्या होत्या.

त्या कोंबडीला त्यांना चालवायचं होतं. दाणा मुद्दाम थोडा देत, तोही लांब ठेवत. ती पंखांवर जोर देऊन दोन पावलं टाके, की छातीच्या भारानं बसे. छातीवरची पिसं झडून कातडी लाल झालेली. शेळ्या येऊन तिला हुंगत. पायानं माती उकरायची असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. एक दिवस दुपारी ऊन तापलं, आणि ती बसल्या जागी मान टाकून मेली.

मी म्हटलं, "आक्का, तिची जातच तशी काढलीय. तुमचा काही दोष नाही."

"कोनाचाच नाही," त्या म्हणाल्या. "नितीनचा नाही, त्या मावशी म्हननाऱ्या पोराचाबी नाही." मग तिच्यावर टोपली पालथी घातली. "बोकड नेते ना, तव्हा मले माहीत राहतं, मी नेला. इथं पिल्लू कंपनीचं, दाना कंपनीचा, गाडी कंपनीची... मंग मरन कोनाचं?"

मी कांदे चिरायला गेले.

आक्का परत गावाला गेल्या नाहीत. नितीन न्यायला आला तेव्हा मायलेकांचं जोरात वाजलं. "लोक काय म्हणतील, आई मामाच्या दारात शेळ्या राखते?" तो म्हणाला. "राखते म्हनतील," आक्का म्हणाल्या. तो काही महिने बोलला नाही. शेड त्यानं बायकोच्या मदतीनं चालवली, अजून चांगली चालवतो. आक्का वाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहिल्या, शेवटी छातीत कफ साठून दवाखान्यात जाईपर्यंत. नितीन रात्रंदिवस तिथे होता, हेही सांगायला हवं. मी शेवटची भेटले तेव्हा ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाल्या, "शेळ्या इक. पाळनाऱ्यालेच दे. दावं देऊ नको."

त्या गेल्यावर शेळ्या घ्यायला कोसाडची एक बाई आली. ती मूळची विदर्भातली, घरी शेळ्या पाळणारी. टेंपो घेऊन आली, पण दावी आणली नव्हती. "तुमचीच द्या ना ताई, जुनी तर आहेत." मी नाही म्हटलं. क्षणभर तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच हसली. "आमच्याकडेही देत नाहीत. सुरतेत ही रीत कोण पाळतं म्हणून विचारलं." तिनं टेंपोतल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, शेळ्यांच्या गळ्यात बांधल्या. मी एकेक दावं सोडून घेतलं. गाठी आक्कांच्या हातच्या होत्या, सुटायला वेळ लागला.

दिवस झाल्यावर नितीन आईचं सामान न्यायला आला. पेटी घेतली, पितळी तांब्या घेतला. मग खिळ्यावरच्या दाव्यांतलं एक काढून हातात धरून उभा राहिला. "मामी, एक नेऊ? शेडवर ठेवतो."

"ने की. तुझ्या आईचं आहे."

तो दाव्याचा फास उघडत राहिला, मिटत राहिला. "तिथं बांधणार काय याला," म्हणाला, आणि परत खिळ्याला अडकवून गेला.

रविवारी माझ्याकडे अजून ब्रॉयलरच शिजते. पोरांना परवडायला हवी. पूर्वी मी फोन करायचे आणि दुकानदार कापून, साफ करून पाठवायचा. आता मी स्वतः जाते. "बेन, फोन केला असता तरी पाठवलं असतं," तो म्हणतो. असू दे, म्हणते. क्रेटमधल्या कोंबड्या बोटानं दाखवते, या माझ्या, आणि काम संपेपर्यंत बाहेर उभी राहते.