चोवीसची चोवीस

कळमनुरीच्या कमरजहाँला दोन नाद. एक बांगड्यांचा, तो पोटासाठी. दुसरा हेमांगी दिघेचा, तो कशासाठी हे तिच्या नवऱ्याला, महेबूबला, तीस वर्षं संसार करूनही कळलेलं नाही.

ही हेमांगी दिघे कुणी खरी बाई नव्हे हो, पुस्तकातली. पुण्यात तिचं ऑफिस, दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी, केस आखूड आणि जीभ लांब. चाळीसएक पुस्तकं निघालीत तिच्यावर. त्यातलं पहिलं कमरजहाँच्या हाती लागलं ते रद्दीत. बांगड्या गुंडाळायला आणलेली रद्दी, त्यात हे पुस्तक, आणि शेवटची सोळा पानं गायब! आता खुनी कोण? कमरजहाँ नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, वाचायचं वेड पहिल्यापासून. चार दिवस तिला अन्न गोड लागेना. पुन्हा पुन्हा चाळून शेवटी तिनंच निकाल लावला, की मोलकरीण बिचारी निर्दोष आहे, खून वकिलानं केलाय. दोन वर्षांनी हिंगोलीत पूर्ण पुस्तक सापडलं. उभ्या उभ्या शेवट उघडून बघते, तर वकीलच! तेव्हापासून बाई बिघडली ती बिघडलीच. बांगड्यांची पाटी घेऊन दुकानात शिरली की महेबूब म्हणायचा, “आ गयी हमारी सीआयडी.” म्हणू दे. त्याला काय कळतंय.

तसं बघितलं तर तपास करायला बांगडीवालीइतकी सोय कुणाला आहे, सांगा बरं? तलाठ्याला लोक ओट्यावर बसवतात, पुढाऱ्याला बैठकीत. बांगडीवाली थेट चुलीपर्यंत जाते. बाई तिच्यापुढं हात देऊन बसते, आणि हात दिला की जीभ आपोआप सैल होते. म्हणून त्या सगळ्या पट्ट्यात रिवाजच पडला होता, की सोयरीक ठरवायच्या आधी कमरचाचीच्या कानावर घालायचं. मोबाईलवर पोराचा फोटो येतो, घर थोडंच येतं? चाची नेहमीसारखी पाटी घेऊन त्या गावाला जायची, बांगड्या भरायची, आणि परत येऊन एवढंच सांगायची, “जमवा.” नाहीतर, “राहू द्या.” कारण कुणी विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही. सांगितलं तर उद्या तिला दारात कोण उभं करील?

तिची एक रीत होती, ती तिनं महेबूबलाही सांगितली नव्हती. बांगडी फुटली असं बायका कधी म्हणत नाहीत, अपशकुन होतो, वाढली म्हणतात. तर मागच्या खेपेला कुणाला किती भरल्या हे चाची ध्यानात ठेवायची आणि पुढच्या खेपेला किती राहिल्या ते मोजायची. ज्या घरात बाईवर हात उठतो त्या घरात काच टिकत नाही. मार चुकवायला बाईचा हात आधी वर जातो. माणूस खोटं बोलेल, सासू तर बोलेलच बोलेल, पण बांगडी कशी बोलेल? या एका रीतीवर चाचीनं वीस-बावीस वर्षं काढली होती.

आता ज्ञानबाच्या घरची गोष्ट. नरसी नामदेवच्या अलीकडं वाडीवर ज्ञानबा आणि चांगुणाबाई राहतात. साठ-सत्तर मेंढरं, थोडं रान, आणि शिवकन्या ही एकुलती लेक, बारावी झालेली. तिला सेनगावकडच्या गोरेगावचं स्थळ आलं. मुलगा प्रभू, खताच्या दुकानात कामाला, निर्व्यसनी. घरी थोडी मेंढरं, आईबाप, थोरला भाऊ संतराम आणि त्याची बायको पुजा. चांगुणाबाईनं चाचीला गाठलं. “चाची, एकच लेकरू हाय. तुमी बघून या, मंग आमी डोळे झाकून हो म्हनू.”

चाची चैत्रात गोरेगावला जाऊन आली. पुजाला तिनंच संक्रांतीला दोन्ही हातांत मिळून चोवीस बांगड्या भरल्या होत्या. बघितलं तर एकही वाढलेली नाही. तीन महिन्यांत एक नाही! असं घर तिनं आजवर बघितलं नव्हतं. आल्या आल्या चांगुणाबाईला म्हणाली, “जमवा. लई शांत घर हाय. चोवीसची चोवीस!” कारण कधी न सांगणारी बाई, पण त्या दिवशी तोऱ्यात होती. साखरपुडा झाला, पत्रिका वाटल्या, सोमवारचं लग्न धरलं.

लग्नाच्या आधीच्या गुरुवारी दुकानात गुलनाज आली, शेजारचीच नवी सून. म्हणे, “चाची, मोठ्या मापाच्या द्या ना, या रुततात.” चाचीनं हजार वेळा बोललेलं वाक्य पुन्हा बोलून टाकलं, “सैल घेऊ नको बाई. सैल बांगडी सारखी आपटती, ती आधी वाढती.” बोलली, आणि गुलनाजचा हात हातात धरून तशीच बसली.

कारण पुजाचं मनगट दोन-चारच्या मापाचं. आणि संक्रांतीला तिनं हट्टानं दोन मापं मोठ्या, दोन-आठच्या भरून घेतल्या होत्या. “कणिक मळताना रुततात,” म्हणाली होती. दोन-आठ तिच्या हातातून नुसता हात खाली सोडला तरी निघाव्यात. पाणी शेंदणारी, कोकरं धरणारी, भाकरी थापणारी बाई. असल्या सैल काचा तीन महिने हातात राहतील आणि एक वाढणार नाही? या अल्लाह, मग त्या हातात होत्या तरी कधी?

झालं, त्या घडीपासून चाचीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. भाकरी करपली, दुकानात हिरव्याच्या जागी लाल दिल्या. हेमांगी दिघेचं पुस्तक उघडलं तर ओळी दिसत होत्या, अर्थ लागत नव्हता. “तबियत ठीक नहीं क्या?” महेबूबनं विचारलं. “ठीक है,” म्हणाली, आणि दारापर्यंत जाऊन उगाचच परत आली. एकदा वाटायचं, असेल काहीतरी साधं, नव्या बांगड्या जपून ठेवत असेल पोरगी. सणाला घालायला ठेवतात बायका. लगेच वाटायचं, सवाष्ण बाई रोज हात मोकळे ठेवील? सासू ठेवू देईल?

शुक्रवारी पाटी घेऊन ती निघाली. हिंगोलीला एस.टी. बदलली, पुढं सेनगावहून जीप. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना, तेव्हा ती त्याच्यावर खेकसली, “आरं, कोंबड्या भरून राहिलास का मान्सं? चाल ना आता!” इतकं कुणावर ओरडायची तिला सवय नव्हती.

पुजा मेंढरांच्या वाड्यात एकटीच लेंड्या झाडत होती. दोन्ही हातांत बांगड्या होत्या. चाचीनं पाटी खाली ठेवली, तिचा हात धरला आणि बोटानं एकच ढकलली. अख्खी रास घरंगळत पुजाच्या बोटांपर्यंत आली.

“कधी काढतीस?” चाचीनं विचारलं.

पुजा आधी हसली. मग घराकडं बघितलं. मग म्हणाली, “त्येंच्या चालन्यावरून कळतं मला. फाटक वाजलं की काढून तांदळाच्या डब्यात ठिवते. लग्नाच्या पहिल्या साली दोनदा काच घुसली हातात. आन् आत्याबाई म्हनल्या, सारख्या बांगड्या वाढवू नको, घराला बरं न्हाई.”

“सासू संतरामला काही म्हनली न्हाई?”

“त्येंला काहून म्हनतील?”

चाचीनं जे घर शांत म्हणून सांगितलं, त्या घरानं फक्त आवाज करायचं बंद केलं होतं. स्वतःचीच इतकी चीड तिला कधी आली नव्हती. “आन् प्रभू? तो कसा हाय?”

“भावजी चांगले हायेत हो. येका शब्दानं कुनाला बोलत न्हाईत.” पुजानं बांगड्या मागं सरकवल्या. “भांडन लागलं की टीव्हीचा आवाज मोठा करतेत.”

चाची उठायला लागली तशी पुजानं तिचा पदर धरला. “चाची, माझं नाव काढू नका. आन् हे लगीन मोडू नका, पाया पडते. तिचा फोटो बघितलाय मी. हसरी हाय. ती आली तर घरात दुसरी बाई व्हईल. मला सोबत व्हईल हो.”

अडकित्त्यात सुपारी म्हणतात ती हीच. हेमांगी दिघेचं बरं असतं. शेवटच्या प्रकरणात ती सगळ्यांना दिवाणखान्यात बसवते, बोट दाखवते, पोलीस येतात, आणि बाई कॉफी प्यायला मोकळी. इथं बोट दाखवलं तर संतरामचा हात पुजावरच पडणार. न दाखवावं तर शिवकन्या सोमवारी त्याच दारातून आत जाणार. शनिवारचा सगळा दिवस चाची दुकान आणि घर यांमध्ये येरझाऱ्या घालत राहिली. फोन करावा म्हणून दोनदा उचलला, दोनदा ठेवला. असली गोष्ट फोनवर कशी सांगायची?

रविवारी सकाळी शिवकन्येला चुडा भरायचा होता, आणि तो भरायला बोलावणं कुणाला? कमरचाचीलाच. अंगणात मांडव, आत बायकांची दाटी, हळदीचा वास. शिवकन्या पाटावर बसली आणि तिनं हात पुढं केला. चाचीनं हिरव्या बांगड्या घेतल्या. एक भरली. दुसरी भरली. तिसरी बोटांच्या पेरांवर अडली. पोरीची मूठ जड म्हणून नव्हे, चाचीनंच ती मागं घेतली.

“चांगुणा,” ती म्हणाली, “ज्ञानबाला आत बोलाव. बाकीच्या बायांनी थोडं भाईर बसा.”

चौघंच उरल्यावर चाचीनं एका दमात सांगून टाकलं, “माझी चौकशी चुकली. राहू द्या.”

चांगुणाबाईला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा ती उसळली. “उद्या वऱ्हाड येऊन राहिलं आन् तुमी आज सांगता? मांडव पडला, हळद लागली! काहून राहू द्या? तुमीच म्हनल्या ना चोवीसची चोवीस? लेकरू हाय माझं, तुमच्या पाटीतली बांगडी न्हाई, आज आवडली उद्या बदलली! तुमची जीभ झडत कशी न्हाई?”

“झडू दे,” चाची म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. “मला काय शिव्या घालायच्या त्या घाल. गावात सांग, कमरजहाँ खोटी हाय, तिला दारात उभं करू नका. पन कारन मी सांगनार न्हाई. कारन सांगितलं तर दुसऱ्या कुनाच्या तरी अंगावर जाईल.”

ज्ञानबा मितभाषी माणूस. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ‘दुसऱ्या कुनाच्या तरी अंगावर’, एवढ्यावर त्याला कळायचं ते कळलं असावं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवत तो म्हणाला, “देवाचा कौल मिळाला न्हाई, असं कळवतो त्येंला. देवाच्या नावावर खोटं बोलल्याचं मी बघून घेईन.”

“आवो, पन लोक काय म्हनतील?” चांगुणाबाई खालीच बसली आणि रडायला लागली.

“म्हनू दे,” ज्ञानबा म्हणाला, आणि फोन करायला मांडवात गेला.

शिवकन्येचा हात अजून चाचीच्याच हातात होता. आता हळू आवाजात तिनं विचारलं, “चाची, थोरल्या जावेचं हाय ना काही?”

चाचीनं उरलेल्या बांगड्या पाटीत ठेवल्या.

“त्या मला फोनवर बोलल्या होत्या. म्हनल्या, लवकर ये.” पोरीनं हातातल्या दोन बांगड्यांकडं बघितलं. “मी न्हाई जात तिथं. पन मंग त्येंचं काय?”

चाळीस पुस्तकांत हेमांगी दिघेला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. चाचीनं पोरीच्या गालावरून हात फिरवला, पाटी उचलली आणि मांडवातल्या बायकांच्या नजरा पाठीवर घेत रस्त्याला लागली. हिंगोलीकडं जाणारी जीप उभी होती, घर त्या बाजूला. चाची रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि सेनगावच्या जीपमध्ये बसली. पुजाला ही बातमी संतरामच्या तोंडून कळता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

पण ज्ञानबाचा फोन तिच्या आधी पोचला होता. पुरुष माणसं तावातावानं भावकीत गेली होती, सासू शेजारी जाऊन पोरीकडच्यांच्या नावानं खडे फोडत होती. पुजा आतल्या खोलीत होती. खोली ताजी सारवलेली. भिंतीतल्या लांब फळीच्या एका टोकाला पुजाची चार लुगडी दाटीवाटीनं रचलेली, आणि उरलेली अख्खी फळी पुसून रिकामी ठेवलेली.

“तिच्यासाठी केली होती,” पुजा म्हणाली. रागावली नव्हती ती. रागावली असती तर चाचीला बरं वाटलं असतं. “मोडलं ना तुमी?”

“व्हय. मोडलं.”

“मंग आता काहून आल्या?”

चाची चपला काढून आत आली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं पाटीतून बांगड्यांच्या उधारीची वही काढली. “माहेरी कोन हाय तुझं?”

“भाऊ हाय. त्याला काही ठावं न्हाई.”

“नाव सांग त्याचं.”

“नको चाची.”

“सांग म्हनते ना.”

बाहेर कुणाची तरी पावलं वाजली, तशी पुजाची बोटं सवयीनं मनगटाकडं गेली. चाचीनं तिचे दोन्ही हात बांगड्यांसकट घट्ट धरले आणि पावलं पुढं निघून जाईपर्यंत सोडले नाहीत.

“भिवाजी,” पुजा म्हणाली, आणि मग तिनं भावाचा नंबर सांगितला. तो तिला तोंडपाठ होता.